तीन पिढ्या घेऊन रॉकी माउंटन नॅशनल पार्क: सगळ्यांना जमेल असं काय काय आहे?

तळ्यात_मळ्यात:
मंडळी, जरा मदत हवीये. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कोलोरॅडोला रॉकी माउंटन नॅशनल पार्कला जायचं पक्कं झालंय, एस्टेस पार्कमध्ये मोठं घर घेतलंय, आता तिथे जाऊन करायचं काय एवढंच ठरायचंय आणि तिथेच घोडं अडलंय, कारण आम्ही नऊ जण आणि नऊ जणांच्या नऊ तऱ्हा.

आई ७२, गुडघे दुखतात, सपाटीवर अर्धा तास मजेत चालते पण चढ लागला की "तुम्ही व्हा पुढे" सुरू. बाबा ७६, बीपीची गोळी चालू, तरुणपणी भरपूर डोंगर पालथे घातलेत त्यामुळे आपण अजून पंचविशीतच आहोत असं त्यांना वाटतं, त्यांना आवरणं हे एक स्वतंत्र काम आहे. नवऱ्याला सहा-सहा तासांचे हाइक हवेत. भाऊ-वहिनी आणि त्यांचा दोन वर्षांचा लेक, तो दुपारी झोपला नाही तर संध्याकाळ सगळ्यांचीच वाया. माझी धाकटी, तिची आत्ताच चौथी इयत्ता संपली, प्राणी दिसले की वेडी होते. आणि थोरला १५ वर्षांचा, त्याला काहीही विचारलं की "चालेल" म्हणतो आणि परत कानात बोळे घालून बसतो.

राहतो आम्ही अगदी समुद्रसपाटीला, त्यामुळे उंचीची भीती वाटतेय. नेटवर बघावं तर एक तर सगळं धडधाकट लोकांसाठी असतं नाहीतर "गाडीतूनच बघा" टाइप. मला असं काहीतरी हवंय की रोज निदान थोडा वेळ तरी सगळे एकत्र असू, आणि कुणाला असं वाटू नये की आपल्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा झाला. आईला तसं वाटतं, बोलत नाही पण वाटतं. दोन गाड्या असणार आहेत. सुचवा प्लीज.

डोंगरवेडा:
जवळच राहतो, पाहुणे आले की हीच वारी असते, त्यामुळे लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, नऊ जणांना एकच अॅक्टिव्हिटी शोधायचा नाद सोडा. ती सापडत नाही, आणि सापडली तर ती सगळ्यांनाच थोडीथोडी कंटाळवाणी असते. सकाळी सगळे एकाच ठिकाणी जा, तिथून फाटे फोडा, आणि परत भेटायची वेळ-जागा आधीच ठरवून ठेवा कारण पार्कात फोनला रेंज बहुतेक ठिकाणी नसते. "पोचलो की फोन करतो" हे तिथे चालत नाही.

दुसरी गोष्ट, ठिकाणांचा क्रम अंतरावरून लावू नका, उंचीवरून लावा. एस्टेस पार्कच ७,५२२ फुटांवर आहे. म्हणजे घरात नुसतं सामान लावतानाही तुम्ही डेन्वरपेक्षा सव्वादोन हजार फूट वर असणार. आल्याआल्या पहिल्या दिवशी पार्कात शिरूच नका, गावातल्या लेक एस्टेसच्या कडेने डांबरी सपाट वाट आहे, तिथे आईबाबा फिरतील, बाळ स्ट्रोलरमध्ये, पोरं सायकलवर, झालं. एल्क, म्हणजे सांबरासारखी मोठी हरणं, कधीकधी तिथेच चरताना दिसतात, धाकटीचं काम तिथेच होईल.

मग लिली लेक आणि स्प्रेग लेक. दोन्ही नऊ हजार फुटांच्या आत, दोन्हीला तळ्याभोवती एक मैलाच्या आतबाहेरची फेरी, चढ नसल्यातच जमा, वाट घट्ट दाबलेल्या मातीखडीची म्हणून व्हीलचेअर आणि स्ट्रोलर दोन्ही चालतात आणि बसायला बाक आहेत. स्प्रेगला सकाळी लवकर जा, म्हणजे साडेसहा-सात. वारा सुटायच्या आधी पाणी स्थिर असतं आणि समोरच्या डोंगरांचं प्रतिबिंब पडतं. नऊनंतर तिथे पार्किंगही मिळत नाही आणि प्रतिबिंबही. स्प्रेगमध्ये ट्राउट पकडायला परवानगी आहे, १६ वर्षांखालच्या मुलांना कोलोरॅडोत मासेमारीचं लायसन लागत नाही, त्यामुळे तुमच्या थोरल्याला एक गळ हातात द्या आणि बाबांना शेजारी बसवा. त्या दोघांना बोलायला काही लागणारच नाही, हाच त्यातला फायदा. फक्त बाबांनी स्वतः गळ धरायचा असेल तर लायसन काढावं लागेल, नातवाला सल्ले द्यायला लागत नाही.

त्यानंतर बेअर लेक, ९,४५० फूट. इथे फाटे फुटतात. तळ्याभोवतीची फेरी छोटी आहे पण स्प्रेगइतकी सपाट नाही, मध्ये चढउतार आहेत, आईंनी तळ्याच्या सुरुवातीच्या भागात बसून घेतलं तरी दृश्य तेच. तिथून वर निम्फ लेक अर्धा मैल, ड्रीम लेक १.१ मैल, एमराल्ड लेक १.८ मैल, एका बाजूचं अंतर सांगतोय. एकाच वाटेवर तीन तळी असल्यामुळे ज्याला जिथून परतायचं तिथून तो परततो, उगाच कुणी कुणासाठी फरफटत जात नाही. तुमचे मिस्टर आणि थोरला एमराल्डला, तुम्ही आणि धाकटी निम्फला, बाकीचे खाली. सगळे दोन-तीन तासांत परत एकत्र.

ट्रेल रिज रोड, म्हणजे पार्कातून डोंगरमाथ्यावरून जाणारा उंच रस्ता, शेवटी ठेवा. त्यावर वेगळं लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

हिरवी_वाट:
+१ डोंगरवेडा. फक्त एक, आल्बर्टा फॉल्स विसरू नका. ग्लेशियर गॉर्जच्या ट्रेलहेडपासून, म्हणजे वाट सुरू होते तिथून, एका बाजूने साधारण पाऊण-एक मैल, चढ आहे पण हळूहळू आहे, काठी घेऊन तुमचे बाबा नक्की जातील आणि त्यांना "हाइक केला" असं म्हणता येईल. ते फार महत्त्वाचं असतं.

गोळ्याऔषधं:
मी डॉक्टर आहे पण तुमच्या बाबांची डॉक्टर नाही, तेव्हा हे सगळं त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

८,००० फुटांच्या वर उंचीचा त्रास कुणालाही होऊ शकतो आणि त्याचा फिटनेसशी फारसा संबंध नसतो, उलट फिट माणसं पहिल्याच दिवशी जोरात सुटतात म्हणून त्यांनाच जास्त होतो असं बघितलंय. तेव्हा बाबांइतकंच तुमच्या मिस्टरांवरही लक्ष ठेवा, हसू नका. डोकं दुखणं, मळमळ, भूक नसणं, झोप न लागणं, दम लागणं ही लक्षणं. पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही ते बऱ्याच जणांना होतं, त्याने घाबरू नका. पण डोकं दुखतंय आणि वर जायचंय असं असेल तर वर जायचं नाही, एवढा एकच नियम पाळा. त्रास वाढला तर खाली उतरणं हाच खरा उपाय आहे. बसल्याबसल्या धाप लागली, खोकला थांबेना, चालताना तोल जायला लागला किंवा बोलण्यात घोळ व्हायला लागला तर "बघू सकाळी" करायचं नाही, लगेच खाली आणि लगेच हॉस्पिटल. एस्टेस पार्कात हॉस्पिटल आहे.

बीपी पहिले काही दिवस थोडं वर जाऊ शकतं, घरचं मशीन बरोबर ठेवा. गोळ्या हातातल्या बॅगेत, चेक-इन सामानात नाही. उंचीसाठी अॅसिटाझोलामाइड नावाची गोळी देतात पण ती सगळ्यांना चालत नाही, सल्फाची अॅलर्जी असेल किंवा किडनीचं काही असेल तर आधी सांगायचं. हृदय किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर ट्रेल रिजला जायचं की नाही हे इथे नाही, डॉक्टरांकडे ठरवा.

बाळाबद्दल, दोन वर्षांचं मूल "डोकं दुखतंय" सांगत नाही. खात नाहीये, खेळत नाहीये, विनाकारण किरकिर चाललीये, तर उंची हे कारण धरून चाला आणि खाली या. विमानात कान दुखतात तसे घाटातही दुखतात, उतरताना त्याला काहीतरी प्यायला द्या.

पाणी सगळ्यांनी भरपूर प्या. आणि म्हाताऱ्या माणसांचं पाणी पिणं हे टॉयलेटशी बांधलेलं असतं, टॉयलेट कुठे आहे माहीत नसेल तर ती पाणीच पीत नाहीत. तेव्हा सकाळीच सांगा, इथे आहे, तिथे आहे.

निवांत_आजी:
मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण मीच ती आजी आहे जिला सगळे कुठे कुठे "घेऊन" जातात.

तळ्यात_मळ्यात, तुम्ही फार प्रेमाने विचारताय ते कळतंय. पण सगळ्यांनी सुचवलेलं वाचलं तर एक दिसतं की आई कुठेतरी बसलीये आणि बाकीचे कुठेतरी गेलेत. एकदा ठीक आहे. रोज असं झालं की काय होतं सांगू, "तू बसलीच आहेस तर बाळाला बघ ना जरा". आणि मग आजी त्या दोन वर्षांच्या पोरामागे धावत राहते, बाळ तळ्याकडे पळतं, गुडघे तिचेच दुखतात. मला नातवंडं सांभाळायला आवडतात, पण ते सुट्टीत गृहीत धरलेलं आवडत नाही. तेव्हा बाळ कुणाकडे, हे सकाळी चहाच्या वेळी ठरवा आणि आईंना विचारून ठरवा.

आणि बसायचंच असेल तर बसण्यासारखी जागा द्या. शीप लेक्स म्हणून जागा आहे, नॅशनल पार्कातल्याच हॉर्सशू पार्क नावाच्या कुरणात, रस्त्याच्या अगदी कडेला, गाडीतून उतरलं की तिथेच. तिथे बिगहॉर्न मेंढ्या वरच्या डोंगरातून खाली येतात, मातीतले क्षार चाटायला, साधारण मे अखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, बहुतेक सकाळी नऊ ते दुपारी तीनच्या दरम्यान. येतील किंवा येणार नाहीत. आल्या की रस्ता ओलांडताना रेंजर लोक गाड्या थांबवतात. पिल्लं मध्ये, आया बाजूला, आणि एक म्हातारी मेंढी सगळ्यात आधी रस्त्यावर पाय टाकते, इकडे तिकडे बघते, मागे जाते, परत पुढे येते, तेवढ्यात दहा मिनिटं जातात आणि थांबलेल्या गाड्यांपैकी कुणी हॉर्न वाजवत नाही. मी तिथे घडीची खुर्ची आणि दुर्बीण घेऊन बसले होते आणि मला कुणासाठी थांबल्यासारखं अजिबात वाटलं नाही, मी माझ्याच कामाला आले होते. धाकट्या नातीला आजीबरोबर तिथे सोडा. दोघींची वही करा, काय दिसलं, किती दिसले.

तिथून जवळच आलुव्हियल फॅन आहे. १९८२ साली वरचं लॉन लेकचं धरण फुटलं आणि पुराने एवढाले धोंडे आणून टाकले, त्यातून आता पाणी खळाळत असतं. पक्की वाट आहे, मुलांना धोंड्यांवर चढायला मजा. पाण्याच्या ओढीकडे मात्र लक्ष हवं, तिथे बाळाला त्याच्या बापाने बघावं. बाप हा शब्द मुद्दाम लिहिलाय.

तळ्यात_मळ्यात:
आजी, तुमचा मेसेज भावाला फॉरवर्ड केलाय, त्याने अंगठा पाठवलाय, समजला असेल अशी आशा. खुर्ची-दुर्बिणीची कल्पना फार आवडली. आई बागेत तासन् तास रमते, तिला झाडाफुलांचं वेड आहे, त्या बाजूने काही आहे का?

आणि थोरल्याचं काय करू सांगा कुणीतरी, तो प्रश्न सगळ्यांनी बाजूला टाकलाय.

डोंगरवेडा:
मीटिंग संपली. आता ट्रेल रिज, आणि त्यातच तुमच्या आईंच्या फुलांचं उत्तर आहे.

हा रस्ता एस्टेस पार्क ते ग्रँड लेक ४८ मैल, सर्वात उंच ठिकाणी १२,१८३ फूट, अमेरिकेतला सलग डांबरी रस्त्यांमधला सर्वात उंच. साधारण ११ मैल तर झाडांच्या रेषेच्या वरून जातो, म्हणजे जिथे उंचीमुळे झाडंच उगवत नाहीत तिथून. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी असतो, चिप्सचं पाकीट उशीसारखं फुगतं, धाकटीला ते दाखवा, उंची म्हणजे काय हे तिला लगेच कळेल. बाहेरची हवा विरळ म्हणून पाकीट फुगतं, आणि आपण त्याच विरळ हवेत असतो म्हणून दम लागतो.

झाडं संपली की जे सुरू होतं तो टुंड्रा. लांबून नुसतं हिरवट-पिवळट रान दिसतं, पण खाली वाकून बघितलं की नखाएवढी फुलं असतात. जुलै हा त्यांचा मोसम, शेवटच्या आठवड्यातही बरीच असतात. त्यात एक पिवळं सूर्यफुलासारखं मोठं फूल असतं, बहुतेक सगळी पूर्वेकडे तोंड करून उभी, ते झाड कित्येक वर्षं नुसती पानं वाढवत, साठवण करत बसतं, मग एकदाच फुलतं आणि मरतं. बागेत रमणारी बाई तिथे अर्धा तास हलणार नाही याची गॅरंटी. भिंग घेऊन जा. वाट सोडून पाय टाकू नका, चुरडलेला टुंड्रा भरून यायला माणसाचं आयुष्य अपुरं पडतं.

बघायला फॉरेस्ट कॅन्यन ओव्हरलुक, पार्किंगपासून अगदी छोटी पक्की वाट, व्हीलचेअर जाते. रॉक कटला टुंड्रा कम्युनिटीज ट्रेल आहे, पक्की आहे, एका बाजूला अर्धा मैल, पण १२,००० फुटांच्या वर आणि चढ आहे. आईंनी सुरुवातीचा थोडा भाग करावा, फुलं तिथेही आहेत. बाबांना पूर्ण करायचा असेल तर बरोबर कुणीतरी हळू चालणारा द्या, वाईट दिसत नाही आणि वेग आपोआप कमी होतो. रॉक कटलाच धोंड्यांत मार्मट आणि पिका दिसतात, मार्मट म्हणजे गुबगुबीत, खारीच्या कुळातला प्राणी, पिका म्हणजे बिनशेपटीचं उंदराएवढं सशाचं भावंड, तोंडात गवताचा भारा घेऊन पळत असतं.

तिथून पुढे अल्पाइन व्हिजिटर सेंटर, ११,७९६ फूट. टॉयलेट, खायला मिळतं, पार्कात खायला मिळणारी जागा तीच एक. पेट्रोल पार्कात कुठेच नाही, गावातूनच टाकी भरा.

वेळ: सकाळी लवकर निघा आणि बारा-एकच्या आत झाडांच्या रेषेखाली परत या. जुलैत दुपारी ढग भरून येतात आणि वीज पडते, तिथे उघड्यावर सगळ्यात उंच तुम्हीच असता. गाडीत आहात तर ठीक, ट्रेलवर नको. आणि स्वेटर, एस्टेसमध्ये टी-शर्टचं ऊन असलं तरी वर २०-३० फॅरनहाइटने कमी असतं, वारा वेगळा.

कानाकोपरा:
थोरल्यासाठी मी लिहितो, माझा भाचा याच जातीचा आहे.

पंधरा वर्षांच्या मुलाला "मजा कर" सांगितलं तर तो करत नाही. त्याला काम द्या, आणि खरं काम, खोटं नाही. नकाशा त्याच्याकडे. रेंज नसते म्हणून ऑफलाइन मॅप त्यानेच उतरवून ठेवायचा, कुठली गाडी कुठे कधी पोचणार हे त्याने सांगायचं, आणि मोठ्यांनी ते ऐकायचं. आजोबा नकाशावाले असतील तर कागदी नकाशा त्यांच्याकडे आणि फोन त्याच्याकडे, वाद घालू देत दोघांना.

दुसरं म्हणजे रात्र. दिवसा काहीही दाखवा, "चालेल" म्हणेल. रात्री नऊ-दहाला गाडी काढून लेक किंवा मेडोच्या मोकळ्या जागी घेऊन जा, फोनच्या कॅमेऱ्याला छोटा स्टँड, लाँग एक्स्पोजर, जुलै-ऑगस्टमध्ये आकाशगंगा दक्षिणेकडे चांगली दिसते. चंद्र कधी आहे ते आधी बघा, पौर्णिमेला गेलात तर काही दिसायचं नाही. अंधारात डोळे सरावायला वीस मिनिटं जातात, तेवढा वेळ कुणी फोनचा उजेड करू नका, हे सांगायची जबाबदारीही त्यालाच. आजी-आजोबांना झेपत असेल तर तेही येतात, खुर्चीत बसून वर बघायला गुडघे लागत नाहीत.

तिसरं, ओल्ड फॉल रिव्हर रोड. १९२० सालचा कच्चा रस्ता, ११ मैल, एकेरी, फक्त वर जाणारा, स्पीड लिमिट ताशी १५ मैल, कठडे नाहीत. साधारण ४ जुलैच्या सुमारास उघडतो. एका गाडीतून मिस्टर, थोरला, बाबा, दुसरी गाडी ट्रेल रिजने बाकीच्यांना घेऊन, आणि दोघं अल्पाइन व्हिजिटर सेंटरला भेटा. ज्यांना कडा बघून पोटात कालवतं त्यांना ओल्ड फॉल रिव्हरला बसवू नका, मध्येच परत फिरता येत नाही.

हिरवी_वाट:
कठडे तर ट्रेल रिजलाही बऱ्याच ठिकाणी नाहीत बरं का. माझ्या सासूबाईंनी अख्खा रस्ता डोळे मिटून काढला आणि वर पोचल्यावर म्हणाल्या छान होतं.

धाकटीसाठी ज्युनियर रेंजर हा पार्कचा मुलांसाठीचा उपक्रम आहेच. व्हिजिटर सेंटरमधून वयाप्रमाणे पुस्तिका मिळते, ती पूर्ण करून रेंजरला दाखवायची, मग शपथ आणि बॅज. उन्हाळ्यात हिडन व्हॅलीला ज्युनियर रेंजरचं मुख्य ठाणं असतं, तिथे मुलांचे कार्यक्रम असतात, सावली आहे, टॉयलेट आहे, पिकनिकची टेबलं आहेत, ओढा आहे. पुस्तिका आजोबांबरोबर सोडवू द्या. आमच्याकडे आजोबांनीच सगळी उत्तरं दिली आणि नातीने रेंजरला ते प्रामाणिकपणे सांगितलं, रेंजरने आजोबांनाही शपथ घ्यायला लावली.

प्राण्यांचं अंतर मात्र आधीच सगळ्यांना पाठ करून घ्या: एल्क आणि बिगहॉर्नपासून ७५ फूट, म्हणजे दोन बस, मूस (घोड्याएवढं थोराड हरीण) आणि अस्वलापासून १२० फूट, तीन बस. मूस शांत दिसतो, असतो असं नाही. फोटोसाठी पुढे सरकणारे काका प्रत्येक कुटुंबात असतात, तुमच्याकडे कोण आहे ते तुम्हाला माहीत असेलच.

नियमावर_बोट:
सगळे हाइक आणि फुलं सांगतायत पण परमिटचं कुणी बोललंच नाही, गेटवरून परत पाठवतील मग कळेल.

गेली काही वर्षं उन्हाळ्यात टाइम्ड एंट्री आहे. दोन प्रकार. एकात बेअर लेक रोड धरून सगळा पार्क, तो पहाटे ५ ते संध्याकाळी ६ लागतो. दुसरा बेअर लेक रोड सोडून बाकीचा, तो सकाळी ९ ते दुपारी २ लागतो. स्प्रेग लेक, बेअर लेक, ग्लेशियर गॉर्ज हे सगळं बेअर लेक रोडवर, म्हणजे तुम्हाला पहिला प्रकार हवा. ट्रेल रिज आणि शीप लेक्सच्या दिवशी दुसरा पुरतो, किंवा नऊच्या आधी आत शिरलात तर तोही नको. दोन तासांची खिडकी असते, त्यात आत यायचं, बाहेर कधी पडायचं ते तुमच्यावर. रिक्रिएशन डॉट गव्हवर २ डॉलर. प्रत्येक गाडीला वेगळा. तुमच्या दोन गाड्या, दोन परमिट, हे लोक हमखास विसरतात.

हा परमिट म्हणजे प्रवेश फी नव्हे. फीसाठी: आई-बाबा ६२ च्या वर आहेतच, ग्रीन कार्डवाले असतील तर त्यांना सीनियर पास मिळतो, वर्षाचा २० डॉलर, आजन्म ८० डॉलर, वयाचा आणि रहिवासाचा पुरावा बरोबर ठेवा. तो पास त्यांच्या गाडीतल्या सगळ्यांना चालतो. आणि तुमची धाकटी चौथीत होती म्हणजे तिला एव्हरी किड आउटडोअर्सचा फुकट पास आहे, चौथीच्या वर्षाचा पास ३१ ऑगस्टपर्यंत चालतो, साइटवरून काढून प्रिंट घ्या. तोही गाडीला चालतो. म्हणजे एका गाडीत आजी किंवा आजोबा, दुसरीत नात, दोन्ही गाड्या आत. पासवाला माणूस त्या गाडीत प्रत्यक्ष हवा, तेव्हा गेटच्या आधी नात हट्टाने आजीच्या गाडीत जाऊन बसली की झालं तुमचं.

इतर कुणी वाचत असेल तर, व्हिसावर आलेल्या पाहुण्यांसाठी २०२६ पासून वेगळी फी आहे, १६ वर्षांवरच्यांना माणशी १०० डॉलर जास्तीचे, ११ पार्कांना लागू, त्यात हा आहे. तिकिटं काढायच्या आधी हिशेब करा.

तळ्यात_मळ्यात:
बापरे, पासचं हे काहीच माहीत नव्हतं. आईला सांगितलं तुझ्या पासवर आम्ही सगळे आत जाणार, तर ती एकदम ताठ बसली.

दोन शंका. आईसाठी भाड्याने व्हीलचेअर घेऊ का? तिला अजिबात आवडणार नाही. आणि पश्चिमेकडे, ग्रँड लेकच्या बाजूला, जायलाच हवं का? एका दिवसात जाऊन येणं जास्त होईल असं वाटतंय.

निवांत_आजी:
व्हीलचेअर घ्या, पण आईंसाठी म्हणून पुढे करू नका. तिच्यात बाळाचं सामान टाकून वहिनी ढकलत येईल. आईंना वाटलं तर त्या स्वतः म्हणतील "ती इकडे आण". मी अशीच बसले. शिवाय दोन चांगल्या काठ्या घ्या, उतारावर गुडघ्याला फार आधार होतो.

डोंगरवेडा:
पश्चिमेकडे माझं मत, बाळ असताना एका दिवसात जाऊन-येऊन नको. परत येताना परत तीच उंची ओलांडायची, आणि दुपारच्या वादळात. तिकडचं सुंदर आहे हे खरं, कोयोटी व्हॅलीची सपाट वाट आहे, कोलोरॅडो नदी तिथे एवढीशी दिसते की ही पुढे ग्रँड कॅन्यन कोरते हे खरं वाटत नाही, मूसही तिकडेच जास्त. पण त्यासाठी ग्रँड लेकला एक रात्र राहायला हवं. तुमचं घर एस्टेसला आहे तर फार तर मिल्नर पास या खिंडीपर्यंत जा, कॉन्टिनेंटल डिव्हाइडची, म्हणजे जिथून पाणी पूर्वेला आणि पश्चिमेला वेगळं वाहतं त्या रेषेची, पाटी, फोटो, परत. अल्पाइन सेंटरपासून थोडंच पुढे आहे.

आणि एक दुपार पूर्ण रिकामी ठेवा. बाळ झोपेल, बाबाही झोपतील, मिस्टर कुठेतरी चढायला जातील, जाऊ दे त्यांना.

नियमावर_बोट:
जुलैची परमिटं १ जूनला सकाळी ८ वाजता उघडतात, माउंटन टाइम. बेअर लेकची सकाळची वेळ फार पटकन संपते. नाही मिळाली तर आदल्या संध्याकाळी ७ वाजता थोडी सोडतात, पण नऊ माणसं घेऊन त्या भरवशावर राहू नका. दोघांनी दोन फोनवरून बसा, अकाउंट आधी काढून ठेवा.

तळ्यात_मळ्यात:
गजर लावला, माझ्या आणि नवऱ्याच्या दोन्ही फोनवर. थोरल्याला विचारलं ऑफलाइन मॅप उतरवशील का, तर कानातलं एक काढून म्हणाला "कुठल्या अॅपवर?". चालेल म्हणाला नाही.